दर वीस मिनिटांनी कासमचाचा

जुन्नरला मी ज्या बोळात कामाला होते, तिथं दर वीस मिनिटांनी एक गजर व्हायचा. तो संपतो न संपतो तोच समोरच्या घड्याळाच्या दुकानातून आरोळी यायची, "मान वर!" त्याबरोबर मी कॉम्प्युटरसमोरून उठायची, शेजारचा शिंपी मशिनवरचा पाय काढायचा, चहावाला पातेल्यावर झाकण टाकायचा, आणि आम्ही सगळे बोळाच्या तोंडाशी येऊन किल्ल्याकडं बघत उभे राहायचो. नवीन माणसाला वाटायचं, वर आग लागली असावी. एकदा एक पाव्हणे आमच्या शेजारी उभे राहून बराच वेळ वर बघत राहिले आणि शेवटी कंटाळून म्हणाले, "राव, काय पडलंय का वर?"

"काय न्हाई पडलं," कासमचाचा म्हणाले. "डोळे पडू नयेत म्हणून बघायचं."

कासमचाचा म्हणजे आमच्या बोळातले घड्याळवाले. वय साठीच्या पुढं, अंगात पांढरा सदरा, डोक्यावर जाळीची टोपी आणि उजव्या डोळ्याला काळं नळकांड्यासारखं भिंग. हे भिंग कपाळावर सरकवायला ते हमखास विसरायचे आणि तसेच भाजीबाजारात जायचे. भाजीवाल्या बायका त्यांना लांबून येताना बघितलं की वांग्यांवर गोणपाट टाकायच्या. वांग्याच्या आतली कीड चाचांना बाहेरूनच दिसते, अशी त्यांची ठाम समजूत होती.

दुकान चार हात रुंद. भिंतीवर चौदा-पंधरा घड्याळं आणि प्रत्येकात वेगळीच वेळ. "चाचा, यातली खरी वेळ कुठली?" असं विचारलं की म्हणायचे, "ही समदी आजारी हायेत. आजाऱ्याला कोण वेळ इचारतं?" चावीच्या घड्याळांवर त्यांचा जीव आणि सेलवरच्या घड्याळांचा मनस्वी तिटकारा. "रोज सकाळी चावी द्यायची, तवा माणूस आन घड्याळ एकमेकाला इचारतात तरी, बरं हाय का म्हणून. या सेलवाल्याला काय? सेल संपला, फेकून द्या, दुसरं आणा!" नेमकं तेच चाललं होतं. सेलची घड्याळं स्वस्त झाली, लोक फेकायला आणि दुसरी आणायला लागले, आणि चाचांच्या दुकानाची पायरी चढणारी माणसं कमी होत गेली. हे तेव्हा माझ्या समोर घडत होतं, पण माझं लक्ष नव्हतं.

माझं लक्ष कॉम्प्युटरकडं होतं. मी आळे गावची. बारावी झाल्यावर टायपिंगच्या परीक्षा दिल्या, सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि अठ्ठ्याण्णव साली जुन्नरला नंदूशेठच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवायला लागले. आमच्या घरातली बाहेर कामाला गेलेली पहिली मुलगी मी. सकाळच्या एसटीला खिडकीशी बसायला मिळालं की मला तालुका जिंकल्यासारखं वाटायचं.

नंदूशेठनं कॉम्प्युटर आणला तो देव आणावा तसा. नारळ फोडला, पडद्यावर कुंकवाचं बोट ओढलं. चपला दाराबाहेर. धूळ लागू नये म्हणून खिडकी कायमची बंद आणि वर काळा पडदा. त्या अंधाऱ्या खोलीत मॉनिटर सीपीयूच्या खोक्यावर चढवून ठेवलेला, माझी खुर्ची बुटकी, म्हणून मी दिवसभर मान वर करून देवदर्शन घेतल्यासारखी टाइप करायची. दसऱ्याला शेठनं मॉनिटरला झेंडूचा हार घातला आणि दोन दिवस काढू दिला नाही. त्या दोन दिवसांतल्या पत्रिका मी झेंडूच्या फटीतून बघून केल्या.

दोन-तीन महिन्यांतच माझे डोळे लाल व्हायला लागले. संध्याकाळी चुरचुरायचे, पाणी यायचं, कपाळ ठणकायचं. एसटीतून घरी जाताना आळेफाट्याच्या पाट्या मला दोन-दोन दिसायच्या. आई घाबरली. तिनं काकडीच्या चकत्या ठेवल्या, गुलाबपाणी घातलं, काशाच्या वाटीनं तळपाय घासून घासून मला पार सोलून काढलं.

"डोळं गेलं तर कोण करून घील गं तुला?" ती म्हणायची. "आन चष्मा लागला तर पावणं काय म्हणतील? तुझी शेरू आत्या चष्म्यापायी पाच वर्सं घरात बसून व्हती."

वडील फारसं बोलत नसत. ते एकच वाक्य बोलले. "संकरातीपत्तुर बघायचं. डोळं असंच ऱ्हायलं तर काम बंद." नारायणगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर नाही असं सांगितलं. डोळे सुकलेत, थकलेत, विश्रांती द्या म्हणाले. विश्रांती द्यायची म्हणजे वडिलांच्या हिशेबात काम बंदच. सकाळची एसटी, खिडकीची जागा, माझ्या हातानं जुळवलेल्या पत्रिका गावोगावी जातात ही मिजास, सगळं त्या दोन लाल डोळ्यांवर येऊन थांबलं होतं.

अशात एक दिवस चाचा आमच्या दारात आले. कॉम्प्युटर बघायला आलो म्हणाले. चपला काढल्या, भिंग डोळ्यालाच, आणि अर्धा तास न बोलता उभे. मला वाटलं, पडदा बघतायत. ते माझ्याकडं बघत होते.

"पोरी," ते म्हणाले, "तू पापणी हलवत न्हाईस."

"काय?"

"मघाधरनं मोजतोय. दोनदा हलली. एकदा माशी आली तवा. पापणी म्हंजे डोळ्याचं तेल हाय. घड्याळाला थेंबभर तेल नसलं तर चाकं घासतात, तसं तुझं चाललंय. हलव पापणी."

मी हलवली. बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

"आन हा देव एवढ्या वर कशाला बसवलाय? पाया पडायचं ते पडा सकाळी एकदा. दिवसभर देवाच्या डोळ्याला डोळा लावून बसतं का कोण?"

दुसऱ्या दिवशी नंदूशेठ घोडेगावला गेलेला बघून चाचा पेचकस घेऊनच आले. खोकं काढून टेबलाखाली ठेवलं, मॉनिटर खाली घेतला, माझ्या खुर्चीवर शिंप्याकडची चिंध्यांची उशी टाकली. मग म्हणाले, हात लांब कर. मी हात लांब केला. बोटं काचेला टेकेपर्यंत त्यांनी मॉनिटर मागं सरकवला. "हातभर. याच्या आत यायचं न्हाई." डोक्यावरचा बल्ब काचेत चमकत होता, त्याला त्यांनी पुठ्ठ्याची टोपी घातली. शेवटी काळा पडदा ओढून काढला आणि खिडकी उघडली. खिडकीतून उजेड आला आणि त्या उजेडात आम्हाला पहिल्यांदाच दिसलं, की ज्या धुळीपायी खिडकी बंद होती ती सगळी आतच होती.

नंदूशेठ आला तो दारातच ओरडला, "कुणी केलं हे?"

"म्या," समोरून आवाज आला. "घड्याळ थांबलं तर दुरुस्तीला मी हाय. पोरीचा डोळा थांबला तर कोण हाय? तू हायेस?"

शेठ नव्हता. तो चपला काढून आत आला.

पण चाचांचं एवढ्यावर समाधान होईना. जवळचं काम करणाऱ्यानं मधून मधून लांब बघितलंच पाहिजे, हा त्यांचा मूळ सिद्धांत. "लांबचं बघ. जवळचं पळून जात न्हाई," हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं, की एकदा माझ्या हातून ते एका पत्रिकेत टाइप होता होता राहिलं. मी विसरते असं लक्षात आल्यावर त्यांनी दोन घंट्यांचं एक जुनं गजराचं घड्याळ काढलं आणि त्यात स्वतः घडवलेलं पितळी चाक बसवलं. तासाला चाकाचा एक फेरा. चाकाला तीन खाचा. खाच आली की गजर. झालं, वीस-वीस मिनिटांचा पहारा सुरू झाला. शिंपी आधी वैतागला, मग सुई ओवताना आता त्रास होत नाही म्हणून रोज पहिला बाहेर यायला लागला. नंदूशेठला ती वेळ तंबाखू मळायला सापडली.

नुसतं बघून भागायचं नाही. परीक्षा असायची.

"काय दिसलं?"

"किल्ला."

"किल्ला कालबी व्हता. नवं काय ते सांग."

मग मी डोळे ताणून, नंतर डोळे सैल सोडून शोधायची. तटाच्या कडेला शेळी. पायऱ्यांवर लाल पागोटं. कड्यावर एक घार, तीही स्वस्थ. कधी घाई असली की मी थाप मारायची. एकदा सांगितलं, "एक माणूस छत्री घेऊन चाललाय." चाचांनी भिंग वर सरकवलं, कपाळावर हात धरला, मिनिटभर बघितलं आणि म्हणाले, "छत्री न्हाई. घमेलं हाय डोक्यावर. आन बाई हाय ती. बस खाली, तुझं बघणं झालंच न्हाई." साठी उलटलेल्या माणसाची ती नजर बघून मी पुन्हा कधी थाप मारली नाही.

हे वेड कुठून लागलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही दुसऱ्याच्या घड्याळात चिमटा घालून बसलेले असताना. "माझं अब्बा चाळीस वर्सं घड्याळं करत व्हते. उजेड असंपत्तुर मान खाली. मला म्हणायचे, कासम, जरा लांब बघत जा. सोता कवाच बघितलं न्हाई. शेवटाला मी म्होरं उभा ऱ्हायलो तरी इचारायचे, कोण, कासम का? पायाच्या आवाजावरनं." मग त्यांनी चाकावर फुंकर मारली आणि घड्याळ कानाला लावलं. "चाललं बघ."

दिवाळी होईपर्यंत माझे डोळे निवळले. आईनं सगळं श्रेय काशाच्या वाटीला दिलं आणि शेरू आत्याच्या मुलीचेही तळपाय घासून दिले. मी चाचांबद्दल सांगितलं, तर वडील म्हणाले, "किल्ल्याकडं बघून डोळं बरं व्हत्यात? मग आपुन आळ्यात बसून म्हशीकडं बघितलं तर?" तरी संक्रांतीची मुदत मागं घेतली नाहीच.

तुळशीची लग्नं लागली आणि आमच्याकडं पत्रिकांची झुंबड उडाली. आमच्या भागातली लग्नपत्रिका म्हणजे गणपती, वधू-वर आणि मुहूर्त वगळता सगळी यादीच असते. चुलते, मामा, आत्या, मानकरी, व्यवस्थापक, किलबिल. एक नाव गळालं तर लग्नात एक रुसवा वाढला. त्यात जे वारले त्यांनाही विसरून चालत नाही. त्यांच्या नावामागं 'कै.' लावून मान द्यायचा. अशा तीन-तीन याद्या एका दिवसात माझ्या पुढ्यात यायला लागल्या.

आणि नेमक्या त्याच दिवसांत चाचांचा गजर बिघडला. आधी वाटलं भास झाला. पण माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. बाराला वाजला, बारा वीसला वाजला, आणि मग बारा तीसला! "मान वर!" नंतर बारा चाळीसला. आठवड्याभरानं बारा दहालाही व्हायला लागला. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं घड्याळ चुकतंय म्हणून शिंपी खो खो हसला.

"चाचा, वीस मिनिटं झाली नाहीत अजून," मी दारातून सांगायची.

"चाक झिजलंय जरा. आलीसच हायेस तर बघून घे. काय दिसलं?"

एक दिवस माझा संयम सुटला. मुलीचे वडील अवसरीहून येऊन समोर बसलेले, नंदूशेठ माझ्या डोक्यावर उभा, यादी अर्धी बाकी, आणि गजर झाला. दहा मिनिटांत दुसरा. मी दारात गेले आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं म्हणाले, "चाचा, तुमच्याकडं काम नाही म्हणून दुसऱ्यानं कामच करायचं नाही का?"

चाचांनी भिंग कपाळावर सरकवलं. माझ्याकडं बघितलं.

"न्हाई बेटा. कर काम," ते म्हणाले.

गजर थांबला. चार दिवस बोळ असा गप्प होता, की चहाच्या पातेल्याचा आवाज यायचा. मी खूश. सकाळी बसले की एकदम जेवायलाच उठायची. दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरायला लागले. तिसऱ्या दिवशी यादीतल्या ओळी एकमेकींवर चढायला लागल्या. मी पुसून पुसून पडदा स्वच्छ केला. पडदा स्वच्छच होता.

पाचव्या दिवशी सकाळी दुकानात एक उंच, काटक म्हातारा आला. हातात आमचीच पत्रिका. अवसरीच्या लग्नाची.

"मी महादू. डिंभ्यावरनं आलोय," तो म्हणाला. "नवरीचा मामा. घोडेगावला इस्टी बदलली. दोन तिकिटं काढली. आता मला येवढंच सांगा, मेलेला मानूस तिकीट काढतो का?"

मी पत्रिका घेतली. यादीत वरच्या ओळीत मुलीचे आजोबा होते, ते वारून सहा वर्षं झालेली. खालच्या ओळीत महादूमामा. गजर थांबल्यावर एका बैठकीत उरकलेल्या अर्ध्या यादीत माझी नजर एका ओळीनं घसरली होती. आजोबा 'श्री.' झाले होते आणि मामा 'कै.'

"प्रूफ बघितलं नव्हतं का?" नंदूशेठ माझ्यावर ओरडला. प्रूफ बघितलं होतं की! मुलीच्या वडिलांनी बघितलं होतं. गिऱ्हाईक प्रूफ बघतं म्हणजे स्वतःचं नाव बघतं.

"माझ्या बायकोनं वाचली पत्रिका," मामा म्हणाले. "मी पलीकडं चूळ भरतोय. मला इचारती, आवं, कवा?"

शिंपी हसत हसत बाहेर पळाला. लग्न आठ दिवसांवर. पन्नासेक पत्रिका वाटून झालेल्या, सहाशे छापून पडलेल्या, आणि तसला रंगीत कागद पुन्हा पुण्याहून येईपर्यंत लग्न होऊन पोरगी नांदायला गेली असती. नंदूशेठ म्हणाला, "हे निस्तरलं तर ठीक, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." माझ्या वडिलांना संक्रांतीपर्यंत थांबायचीही गरज उरली नाही असं वाटून मी तिथंच रडायला लागले.

तेवढ्यात समोरून कोणीतरी दोन्ही चपला काढून आत आलं आणि माझ्या हातातली पत्रिका घेतली.

"दोनच अक्षरं हायेत," चाचा भिंगातून बघत म्हणाले. "वरची शाई खरवडली तर निघती. पातं हाय माझ्याकडं. मी 'कै.' काढतो, तू बारीक निबानं 'श्री.' घाल. आण गठ्ठा."

"आन आज्याचं?" नंदूशेठनं विचारलं. "आजोबांना पण दुरुस्त करावं लागंल."

महादूमामांनी थोडा विचार केला. "आज्याला राहू द्या जित्ता," ते म्हणाले. "नातीच्या लग्नाची लई हौस व्हती त्यांना."

अशा रीतीनं मी चाचांच्या दुकानात दोन दिवस बसले. ते पात्यानं दोन अक्षरं खरवडायचे, फुंकर मारायचे, पत्रिका माझ्याकडं सरकवायचे. मी लिहायची. मामा पायरीवर बसून पहिल्या दिवशी स्वतः जातीनं देखरेख करत होते. "झालो का?" "दोनशे झालात मामा." दुपारी त्यांनी हातातलं चावीचं घड्याळ काढून पुढं ठेवलं. ते तीन वर्षं बंद होतं, पण सवयीनं बांधलेलं. "हे मातुर खरंच कै. झालंय," ते म्हणाले. चाचांचा चेहरा एकदम उजळला. हातातली पत्रिका टाकून त्यांनी आधी ते उघडलं. तासाभरात ते टिकटिकायला लागलं. मामा आणि घड्याळ, दोघंही जिवंत होऊन संध्याकाळच्या एसटीनं डिंभ्याला गेले.

काम चालू असताना गजर होत नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं तेव्हा चाचा हळूच म्हणायचे, "मान वर," इतकं हळू, की जणू कोणी ऐकलं तर रागवेल. मी वर बघायची. ते माझ्याकडं न बघता विचारायचे, "काय दिसलं?" मी सांगायची.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास शेवटची पत्रिका झाली. नंदूशेठ येऊन बघून गेला आणि उद्या वेळेवर ये म्हणाला. चाचांनी गजराचं घड्याळ पुढ्यात ओढलं आणि मागचं झाकण उघडलं. दोन्ही घंट्यांच्या मध्ये त्यांनी फडक्याची घडी कोंबून ठेवली होती. घड्याळ बंद करणं त्यांच्यानं झालं नव्हतं, फक्त आवाज बंद केला होता. फडकं काढताना मला आतलं पितळी चाक दिसलं.

तीन खाचा जुन्या होत्या, तेलानं काळ्या पडलेल्या. आणि दहाव्या व तिसाव्या मिनिटाच्या जागी दोन नव्या. कानशीनं घासलेल्या, पिवळ्याधमक.

चाक झिजलं म्हणून अशा खाचा पडत नाहीत, एवढं मलाही कळत होतं.

मी त्या दुकानात दोन दिवस बसले होते. दोन दिवसांत महादूमामांखेरीज एक गिऱ्हाईक पायरी चढलं नव्हतं, आणि मामाही आले ते माझ्या चुकीमुळं. चाचींना जाऊन तीन वर्षं झालेली. मुलगी नाशिकला दिलेली. भिंतीवरची आजारी घड्याळं न्यायला कोणी येत नव्हतं, कारण त्यांच्या मालकांनी केव्हाच सेलची घेतली होती. दिवसभरात या माणसाशी बोलणारं कोण, तर किल्ल्याकडं बघत उभे राहणारे आम्ही. काय दिसलं? शेळी दिसली. तेवढंच बोलणं. ते तासाला तीनदा पुरेना, म्हणून त्यांनी दोन खाचा पाडल्या. आणि मी त्यांना भर बोळात काय म्हणाले होते, ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चाचा," मी म्हणाले, "त्या दिवशी मी बोलले ते लई चुकलं माझं."

"कवा बोललीस?" ते चाक पुसत म्हणाले. "या पंधरा घड्याळांच्या कालव्यात मला कुठं काय ऐकू येतंय."

पंधरातली अकरा बंद होती. मी वाकून चाकावर बोट ठेवलं.

"इथं एक राहिलीय."

"काय?"

"पन्नासाव्या मिनिटाची. चाळीसला वाजतो आणि मग एकदम तासाला. मध्ये लई वेळ जातो चाचा, डोळे जळतात माझे. तिथं एक खाच पाडा."

त्यांनी भिंगातून माझ्याकडं बघितलं. भिंगातला तो डोळा केवढा मोठा दिसायचा! तो माझ्या चेहऱ्यावर बराच वेळ होता. मी पापणी हलवली नाही.

"शेठ बोंबलंल," ते म्हणाले.

"बोंबलू दे. त्यांना तासाला सहादा तंबाखू मळायला मिळंल."

चाचांनी कानस घेतली. चाक चिमट्यात धरलं, मान खाली घातली आणि घासायला लागले. एक खाच पाडायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. पाच मिनिटं झाली, कानस थांबली, तरी त्यांची मान वर होईना.

"मान वर, चाचा," मी म्हणाले. "लांबचं बघा."

ते उठले. मी आणि ते बोळाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो. किल्ल्यावर उतरतं ऊन पडलं होतं. चाचांनी भिंग वर सरकवलं आणि सदऱ्याच्या बाहीनं दोन्ही डोळे पुसले.

"तेल जरा जास्त झालं," ते म्हणाले.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"किल्ला," कासमचाचा म्हणाले.

त्या दिवशी मी ते चालवून घेतलं.